फेटिया घालायचा की नाही?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यावरचे, दहा वर्षांपासून पुण्यात आहोत. हे बांधकामावर सुपरवायझर आहेत, मी शिवणकाम करते. मुलगी पंचवीस टक्क्यांतून एका खासगी शाळेत लागली, आता सहावीत आहे. शाळेत 'विविधता दिवस' आहे. बाईंनी तिला फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घालून लमाणी नाच करायला सांगितलंय. ती दोन दिवस रडतेय. म्हणते, "नंतर सगळे त्यावरूनच चिडवतील." एक मुलगा आत्ताच तिला 'ए तांडा' म्हणतो. घरी ती मला 'याडी' म्हणते, शाळेच्या फाटकात 'मम्मी'. सासूबाई म्हणतात, आपल्याच कपड्यांची लाज कसली? मी काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, तिला नाचायला लावू नका. फेटियाची तिला लाज वाटत नाही, तिला धास्ती आहे दुसऱ्या दिवसाची. हे सासूबाईंना शांतपणे सांगा, त्यांना पटेल.

मग बाईंना भेटा, मुलीला सोबत न घेता. 'ए तांडा'चं आधी बोला, नाचाचं नंतर. तुमच्या मुलीची जागा २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं दिलेली आहे. तिथे खालच्या आवाजात बोलायचं काही कारण नाही. बाई वाईट असतील असं मला वाटत नाही. त्यांना कौतुकच करायचंय, पण वर्षभर जिच्या घराबद्दल वर्गात एक शब्द निघाला नाही, तिला एका सकाळी स्टेजवर उभं केलं, की मुलं फक्त कपडे बघतात.

मी सव्वीस वर्षं शिकवलं. एका वर्षी माझ्या वर्गात वडार समाजाचा एक मुलगा होता, फार गप्प. 'खडक आणि माती' शिकवताना मी त्याच्या वडिलांना बोलावलं. साधा मंगळवार होता, कसला दिवसबिवस नव्हता. छिन्नी-हातोडी घेऊन आले. पाट्याला टाकी कशी लावतात ते दाखवलं, मग दोन दगड ठोकून म्हणाले, "हा खणखणीत वाजतो. हा बद्द वाजतोय, म्हणजे आत चीर आहे." सगळ्या वर्गाला दगड ठोकून बघायचे होते! त्यांना एखादा मराठी शब्द अडला, की तो मुलगा सांगायचा. त्या तासाला तो पहिल्यांदा मोठ्यानं बोलला.

म्हणून बाईंना दुसरं काहीतरी सुचवा. इतिहासाच्या तासाला लदेणीचा विषय घ्या म्हणावं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बंजारे, म्हणजेच लमाण, तांड्यानं मुलुखभर फिरायचे, सैन्यांनाही रसद पुरवायचे. पुढे इंग्रजांनी मिठावर बंधनं आणली, १८५३पासून रेल्वे आली, आणि हा व्यापार बुडाला. १८७१च्या कायद्यानं तर अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. 'ए तांडा' म्हणणाऱ्या मुलाला तांडा म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलंच नाही. सासूबाई किंवा सासरे येऊन बोलणार असतील तर फारच छान, पण मुलीला विचारूनच. ती नको म्हणाली तर बाईंनी एकट्यांनी शिकवावं.

हे जमतं, ताई. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. या बाई जन्मानं अमेरिकन, भाषेच्या अभ्यासक, फलटणच्याच होऊन गेल्या. वेगवेगळ्या जातींची, परिस्थितीची मुलं तिथे एका वर्गात मराठीतून शिकतात. मूल घरून जी बोली घेऊन येतं ती चूक नाही, हा त्यांचा आग्रह. माझ्या वर्गात मी एकदा ब्राऊन पेपर लावून आईला घरी काय म्हणता ते लिहायला सांगितलं होतं. आये, अव्वा, अम्मी, अम्मा, बय... कागद पुरेना. तुमच्या लेकीच्या वर्गात तो लागला, तर 'याडी' तिला एकटीला लिहावं लागणार नाही, सगळ्यांच्या शब्दांत तोही एक असेल.

तोवर फाटकातल्या 'मम्मी'वरून तिला टोकू नका.

आणि एक विचारायचं राहिलं. फेटियावरचं भिंगांचं काम सासूबाईंच्या हातचं आहे का? असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आजी-नातीला सुईदोरा घेऊन बसवा. तुम्हीही बसा.