संधी येतात, गोल का येत नाहीत?

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मडगावच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत आणि सिंगापूर यांच्यात आशियाई चषक फुटबॉल पात्रता फेरीचा सामना झाला; येथील उत्तरे त्या सामन्याआधी लिहिलेली आहेत. त्याआधीच्या गुरुवारी, ९ ऑक्टोबरला, सिंगापूरमध्ये भारताने १–१ अशी बरोबरी साधली आणि त्यानंतर आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर होता : भारताचे गोल का होत नाहीत? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यातील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : गोलसमोर आल्यावर आपल्या खेळाडूंना नेमके होते काय? हाँगकाँगविरुद्ध मोकळे गोलजाळे समोर असताना चेंडू बाहेर गेला, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण म्हणता तो प्रसंग १० जूनचा, हाँगकाँगच्या काई ताक स्टेडियमवरचा. पूर्वार्धात लिस्टन कोलासोने डावीकडून दिलेल्या पासवर आशिक कुरुनियन गोलच्या अगदी तोंडाशी होता आणि त्याचा फटका बाहेर गेला. पुढे भरपाई वेळेत हाँगकाँगला पेनल्टी मिळाली, ती स्टेफान परेराने सत्कारणी लावली आणि भारत ०–१ असा हरला. ती संधी साधली असती तर गटाचे चित्र आज वेगळे दिसले असते, याबद्दल वाद नाही.

मात्र या एका फटक्यावर सगळे खापर फोडणे मला पटत नाही. सप्टेंबर २०२४ पासून गेल्या गुरुवारपर्यंत भारताने १३ सामने खेळले आणि त्यात केवळ ९ गोल केले. त्यातले ३ तर मार्चमध्ये शिलाँग येथे मालदीवविरुद्धच्या एकाच मैत्रीपूर्ण सामन्यात झाले, म्हणजे उरलेल्या १२ सामन्यांच्या वाट्याला ६ गोल येतात. गोल कोणी केले तेही पाहण्यासारखे आहे. राहुल भेकेचे दोन, अन्वर अलीचा एक आणि संदेश झिंगनचा एक, असे नवांपैकी चार गोल बचावपटूंच्या नावावर आहेत. परवाचा रहीम अलीचा गोलही आपल्या चढाईतून घडला नव्हता. सिंगापूरच्या बचावपटूने आपल्याच गोलरक्षकाकडे दिलेला कमकुवत पास त्याने ९०व्या मिनिटाला मध्येच पळवला आणि बरोबरी झाली. रहीमच्या सावधपणाचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर संघाची गोलसंख्या उभी राहत नाही.

सामन्यात एखादीच खरोखर चांगली संधी निर्माण करणारा संघ आपल्या आघाडीपटूकडून शंभर टक्के अचूकतेची अपेक्षा करत असतो, आणि अशी अचूकता जगात कोणाकडेच नाही. नावाजलेले आघाडीपटूही सोप्या संधी घालवतात. फरक इतकाच की त्यांना दहा मिनिटांनी दुसरी संधी मिळते आणि पहिली विसरली जाते. आपल्याकडे दुसरी येत नाही, म्हणून पहिली वर्षभर लक्षात राहते. माझ्या मते खरे दुखणे शेवटच्या फटक्यात कमी आणि त्याआधीच्या दोन-तीन पासांत अधिक आहे.

प्रश्न : दूरचित्रवाणीवर ‘एक्सजी’ नावाचा आकडा दाखवतात. त्यातून संघाच्या या अडचणीबद्दल काही कळते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘एक्सजी’ म्हणजे अपेक्षित गोल. एखादा फटका जेथून, ज्या कोनातून आणि ज्या परिस्थितीत मारला गेला, तशा आधीच्या हजारो फटक्यांपैकी किती गोलात गेले यावरून त्याला शून्य ते एक यांच्या दरम्यान किंमत दिली जाते. ११ मीटरवरून घेतलेल्या पेनल्टीची किंमत साधारण पाऊण असते, तर पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून, म्हणजे १६.५ मीटरच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांतले शंभरात मोजकेच गोल होतात. त्यामुळे “आज आपण पंधरा फटके मारले” या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. पंचवीस मीटरवरून मारलेले दहा फटके मिळूनही एका पेनल्टीची बरोबरी करत नाहीत.

भारतीय संघाचे फटके पाहताना हा हिशेब लक्षात ठेवावा. आपले दोन प्रमुख विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारे आघाडीपटू, उलट पायाचे आहेत : उजव्या पायाचा लिस्टन डाव्या बाजूला खेळतो आणि डावखुरा लालियानझुआला छांगटे उजव्या बाजूला. दोघांचाही स्वाभाविक ओढा आत वळून लांबून फटका मारण्याकडे असतो. असा फटका लागला की स्टेडियम डोक्यावर घेते. पण तो क्वचित लागतो, आणि तोपर्यंत बॉक्समध्ये धावत गेलेला आघाडीपटू हात वर करून उभा असतो.

प्रश्न : सुनील छेत्रीने निवृत्ती घेतली, परत आला, आणि वयाच्या ४१व्या वर्षीही गोलसाठी त्याच्याकडेच पाहावे लागते. एवढ्या मोठ्या देशात दुसरा स्ट्रायकर का तयार होत नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्नाचा सगळ्यात जड भाग आपण विचारला आहे. छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. तो सामनाही ०–० असाच सुटला होता, हे विसरू नये. मार्च २०२५ मध्ये तो परतला आणि मालदीवविरुद्ध हेडरने गोल करून त्याने ही संख्या ९५वर नेली. पण गोलांचा दुष्काळ त्याच्या निवृत्तीने सुरू झाला, हा समज चुकीचा आहे. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात छेत्री संघात असतानाही ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्धच्या तीन सामन्यांत भारताला एकही गोल करता आला नव्हता.

कारणाचे मूळ क्लबांच्या संघनिवडीत आहे. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असते, आणि मर्यादित जागा असल्या की कोणताही प्रशिक्षक त्या मैदानाच्या मधल्या कण्यात वापरतो : एक मध्यरक्षक, एक स्टॉपर (मधला बचावपटू) आणि हमखास एक स्ट्रायकर. गोल करणाऱ्याची किंमत सर्वाधिक, म्हणून तेथे परदेशी आणायचा आणि भारतीय आघाडीपटूला बाजूला, विंगवर ढकलायचे. २०१४ पासून २०२४–२५ च्या हंगामापर्यंत या लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळाला नव्हता. २०२४–२५ च्या हंगामात मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईने नॉर्थईस्ट युनायटेडसाठी २३ गोल केले आणि भारतीयांत पहिला आला तो १४ गोल करणारा छेत्रीच. वर्षभर क्लबसाठी विंगवरून क्रॉस, म्हणजे गोलसमोर चेंडू, घालणाऱ्या मुलाला राष्ट्रीय संघात आल्यावर दोन स्टॉपरांच्या मधोमध उभे करायचे आणि पहिल्याच संधीचे सोने करण्याची अपेक्षा ठेवायची, असा हा प्रकार आहे.

२०२५ मध्ये त्यात भर पडली ती लीगच्या अनिश्चिततेची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराचा प्रश्न सुटलेला नसल्याने जुलैत हंगाम स्थगित झाला आणि ऑक्टोबर उजाडला तरी सुरू झाला नव्हता. सामन्यांच्या सरावाअभावी दम कमी पडतो हे दिसते, पण गोलसमोरची अर्ध्या सेकंदाची चपळाई त्याहून आधी जाते आणि ती सराव शिबिरात परत मिळवणे कठीण असते. महासंघाने या बाबतीत दाखवलेली दिरंगाई अक्षम्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बचावपटूच गोल करत असतील तर एखाद्या उंच स्टॉपरला सरळ आघाडीवर का खेळवू नये? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्या सूचनेला भारतीय फुटबॉलमधील सर्वोत्तम दाखला उपलब्ध आहे. १९६२च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत स्टॉपर जर्नेल सिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला विश्रांती देण्याऐवजी सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. उपांत्य सामन्यात त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. भारत २–१ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळाले. मात्र त्या संघात पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम हे चेंडू पुरवायला होते, हा तपशील सांगायचा राहून जातो.

(गोमंतकीय वाचकांसाठी म्हणून आठवण करून देतो : १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा गोव्यात जन्मला आणि मुंबईत खेळून मोठा झाला. आपल्या पट्ट्यात गोल करणारे जन्मतच नाहीत असे नाही.)

मंगळवारपुरते बोलायचे तर अडचण आणखी आहे. बॉक्समध्ये हेडरसाठी सर्वांत उपयोगी पडणारा झिंगन परवा उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच लाल कार्ड पाहून बाहेर गेला, त्यामुळे फातोर्ड्यात तो खेळू शकणार नाही. कॉर्नर आणि लांब थ्रो-इन यांवरील भार भेके आणि अन्वर यांच्यावर येईल.

प्रश्न : हाँगकाँग, सिंगापूर हे देश परदेशी वंशाच्या खेळाडूंना नागरिकत्व देऊन खेळवतात. आपण का नाही? (एक वाचक, दुबई)

उत्तर : भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही आणि राष्ट्रीय संघासाठी भारतीय पारपत्र आवश्यक आहे. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड त्यासाठी चालत नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडले, तेव्हाच २०१३ मध्ये तो भारताकडून खेळू शकला. तसे करायला तयार असणारे थोडेच, आणि त्यांतही नेमका स्ट्रायकर सापडणे आणखी दुर्मीळ.

प्रश्न : मंगळवारच्या सामन्यासाठी प्रशिक्षक खालिद जमील यांनी काय करावे असे आपल्याला वाटते? आणि गणित अजून शिल्लक आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गणित आधी सांगतो. तीन-तीन सामन्यांनंतर हाँगकाँगचे ७, सिंगापूरचे ५, भारताचे २ आणि बांगलादेशाचा १ गुण आहे, आणि गटातून केवळ पहिला संघ २०२७च्या सौदी अरेबियातील स्पर्धेत जाणार आहे. उरलेले तिन्ही सामने जिंकले तर भारताचे ११ गुण होतील. बरोबरीने फारसे काही साधणार नाही; म्हणजे गोल हवेच आहेत.

जमील यांची ओळख आधी बचाव बांधून घेणारा प्रशिक्षक अशी आहे. मुंबई एफसीला त्यांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांवर तगवले आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, ती याच शिस्तीच्या जोरावर. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतल्यावर मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स चषकात तिसरे स्थान मिळाले. तेथे ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल स्टॉपरांनी केले, आणि ओमानविरुद्ध उदांता सिंगने साधलेली बरोबरीही लांब थ्रो-इनमधूनच आली. हे शस्त्र त्यांनी लपवून ठेवू नये. उपहास करणारे करोत. थ्रो-इनवरचा गोलही फलकावर एकच मोजला जातो.

चार दिवसांत नवा स्ट्रायकर घडत नाही, पण दोन गोष्टी बदलता येतात. पहिली म्हणजे विंगरांनी निदान निम्म्या वेळा आत न वळता गोलरेषेपर्यंत जाणे आणि तेथून चेंडू मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास वळवणे. अशा पासावर बचावपटू आपल्याच गोलकडे धावत असतात, त्यांना वळायला वेळ मिळत नाही, आणि मारणाऱ्याला संपूर्ण गोलजाळे समोर दिसते. दुसरी गोष्ट माणसांची. क्रॉस येताना बॉक्समध्ये भारताचा एकच खेळाडू आणि भोवती तीन प्रतिस्पर्धी, हे चित्र आपण वारंवार पाहतो. एकाने जवळच्या खांबाकडे, एकाने दूरच्या खांबाकडे आणि एका मध्यरक्षकाने परतून येणाऱ्या चेंडूसाठी बॉक्सच्या तोंडाशी असायलाच हवे. त्यात प्रतिहल्ल्याचा धोका आहे, हे मान्य. सिंगापूरचा इख्सान फांदी मोकळी जागा मिळाली की काय करतो ते परवा पूर्वार्धाच्या अखेरीस दिसलेच. तरीही दोन गुणांवर असलेल्या संघाने हा धोका पत्करला नाही, तर तो कोणी पत्करायचा?

छेत्रीला सुरुवातीपासून खेळवावे की शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावे, याबद्दल बरीच पत्रे आहेत. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, कारण थकलेल्या बचावापुढे त्याची जागा हेरण्याची नजर अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा असून स्थानिक संघात आघाडीवर खेळतो. सरावात गोल होतात, सामन्यात होत नाहीत. काय करावे? (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर : बहुधा त्याचा सराव सामन्यासारखा होत नसावा. रांगेत उभे राहून, चेंडू स्थिर ठेवून, कोणी अंगावर येत नसताना मारलेल्या फटक्यांनी पायाची ताकद वाढते, निर्णयाची नाही. एका साथीदाराने बाजूने चेंडू द्यावा, दुसऱ्याने मागून दबाव आणावा आणि मुलाने दोनच स्पर्शांत फटका मारावा, असा सराव त्याच्या प्रशिक्षकांना सुचवून पाहावा. पहिला स्पर्श चेंडू पुढे, फटक्याच्या दिशेला नेणारा असावा. तो पायाखाली अडकला की गोलरक्षक पुढे येऊन कोन बंद करतो. चेंडू पायाशी येण्यापूर्वी एकदा मान वर करून गोलरक्षक कोठे उभा आहे ते पाहण्याची सवय लावावी. ताकदीपेक्षा दिशेवर भर द्यावा : गोल ७.३२ मीटर रुंद असतो, आणि दूरच्या खांबाकडे जमिनीलगत मारलेला चेंडू गोलरक्षकाने अडवला तरी अनेकदा समोर परत येतो. फटक्यांचा निम्मा सराव त्याच्या कमजोर पायाने, आणि काही फटके सरावाच्या शेवटी, दम लागलेला असताना घ्यावेत. सामन्यानंतर मात्र किती गोल केले एवढेच न विचारता, किती वेळा गोलसमोर योग्य जागी पोहोचलास, असे त्याला विचारावे. तो आकडा वाढत असेल तर काळजीचे कारण नाही.