मॉरिशसचा इतिहास लिहायला बसलेल्या मुलीला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाज पोर्ट लुईला लागतं तिथे पहिलं प्रकरण सुरू होतं आणि १२ मार्च १९६८ ला युनियन जॅक उतरतो तिथे शेवटचं संपतं. मधे ऊस, हालअपेष्टा, १९०१ सालचा गांधीजींचा मुक्काम, त्यांनी पाठवलेले वकील मणिलाल डॉक्टर, निवडणुका. वाचायला गोड आहे, छापायलाही कुणी ना कुणी मिळेल. पण ही दोन्ही टोकं सोडून दे. मॉरिशसचा इतिहास आपल्यापासून सुरू केला की तो आपल्या कर्तबगारीची कथा होऊन बसतो, आणि तशा कथा आपल्याकडे उदंड आहेत.

आधी 'ॲटलास'च. त्यातून कलकत्त्याहून आलेले ३६ जण मराठी नव्हते. छोटा नागपूरकडचे आदिवासी होते. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. त्यांना का आणावं लागलं, हा प्रश्न तुझ्या आराखड्यात नाही, आणि सगळं तिथेच तर आहे. लंडनहून गुलामगिरी रद्द होणार हे ठरलेलं होतं. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये ती रद्द झाली तेव्हा बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. भरपाई दिली गेली ती त्यांच्या मालकांना, सुमारे २१ लाख पौंड. ज्यांना विकलं-विकत घेतलं होतं त्यांच्या हातावर छदाम पडला नाही; उलट 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मळ्यांत राबावं लागलं. १८३९ मध्ये सुटले, तसे बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. त्यांना घासाघीस करून चांगली मजुरी मिळवता आली असती. आपली माणसं जहाजं भरभरून आणली गेली ती नेमकी हे होऊ नये म्हणून. हे लिहिताना तुझा हात अडखळेल, कारण त्यात आपल्या लोकांचा दोष नसला तरी त्यांचा वापर आहे. तरी लिही.

म्हणून मागे जा. डच १५९८ मध्ये उतरले तेव्हा बेटावर माणूसच नव्हता. मूळ रहिवासी नसलेला देश, ही गोष्ट मनात पक्की धर. तिथे प्रत्येक जण आलेला किंवा आणलेला आहे. डचांवर दोन पानं पुरेत: आबनूसची झाडं तोडली, जावाहून ऊस आणि हरणं आणली, डोडो संपवला, १७१० मध्ये गाशा गुंडाळला. (डोडोवर भावुक परिच्छेद लिहू नकोस, फार झाले आहेत.) मादागास्करहून आणलेले गुलाम डचांच्या काळातच रानात पळू लागले होते, एवढं मात्र आवर्जून सांग, कारण पुढे पळालेल्या गुलामांचा आसरा ठरलेल्या ल मॉर्नच्या डोंगराची हकीकत तिथूनच निघते.

फ्रेंचांना जास्त जागा दे. १७३५ मध्ये आलेला माहे द ला बुर्दोने हा गव्हर्नर पोर्ट लुईचा निर्माता म्हणून पुतळ्यात उभा आहे. गोदी, दवाखाना, रस्ते, सगळं खरं. ते बांधलं मोझांबिक-मादागास्करच्या गुलामांनी आणि पाँडिचेरीकडून आणलेल्या कारागिरांनी. १७९४ मध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केली. दोन वर्षांनी तो हुकूम घेऊन प्रतिनिधी आले, तेव्हा वसाहतवाल्यांनी त्यांना जहाजावर बसवून परत धाडलं. क्रांतीच्या घोषणा देणाऱ्यांचं हे वागणं एका परिच्छेदात उरकू नकोस. बेटावरच्या पाच माणसांतली चार तेव्हा गुलाम होती.

१८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म, रीतिरिवाज राखायचं कबूल केलं. आजही तिथे दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच आहे आणि घराघरांत क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, अगदी मराठी घरांतसुद्धा. क्रिओल थोडी तरी शीक. नुसत्या इंग्रजीवर गेलीस तर तुला सरकारी कागद भेटतील, माणसं नाहीत.

१८१५ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातले कैदीही रस्ते बांधायला नेले, त्यात मुंबई इलाख्यातले होते. आपल्या भागातून सक्तीने तिथे गेलेल्या पहिल्या माणसांत ते येतात; पण कैदी पूर्वज म्हणून कोण मिरवणार? तू त्यांना पुस्तकात जागा दे.

१८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजइतकीच झाली आणि जंगलं कापून ऊस पसरला. पुढच्या सुमारे ८० वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर आले, बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, काही मुंबईहून. रत्नागिरीकडची माणसं त्या मुंबईच्या जहाजांतली. त्यांची नोंद मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आहे: क्रमांक, जहाज, गाव, जिल्हा, वय, अंगावरची खूण, आणि १८६० च्या दशकापासून फोटोही. तिथे बसायला भरपूर वेळ काढ. बापाचं किंवा आजोबाचं पाळण्यातलं नाव पुढे आडनाव झालेलं असतं, त्यामुळे आडनावावरून जात किंवा गाव ठरवायच्या फंदात पडू नकोस. आणि लक्षात ठेव, कारकुनाने जे विचारलं तेवढंच रजिस्टरात आहे. बाई का निघाली, एकटी होती का, परत जावंसं वाटलं का, हे त्याने विचारलंच नाही.

जुलमाचं वर्णन करताना विशेषणं कमी, हिशेब जास्त. एक दिवस कामाला न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तिथला नियम. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगावा लागे. नाही तर भटक्या म्हणून अटक. या लोकांचा अर्ज १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाने पुढे नेला आणि मळेवाल्यांचा मार खाल्ला. पुढच्या वर्षी चौकशीला शाही आयोग नेमला गेला.

गणपतीपुढची जाखडी, शाळांतलं मराठी, गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी हे सगळं येऊ दे, पण एका प्रकरणात. अख्खं पुस्तक त्यावर उभं करू नकोस. दीड-दोन टक्के लोकांवर देशाचा इतिहास उभा राहत नाही.

विसाव्या शतकात कामगारांपाशी थांब. १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे या क्रिओल (आफ्रिकी किंवा मिश्र वंशाच्या लोकांना तिथे असं म्हणतात) डॉक्टरने मजूर पक्ष काढला. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हॅरेलच्या मळ्यावर संपकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात अंजले कुपेन ही गरोदर मजूरीण गेली. पुढे कोणत्याही भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं, तेव्हा बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लोकांना अक्षरं शिकवली. १९४८ ची निवडणूक त्या धुळाक्षरांवर फिरली.

आता १९६८. तू 'एकदिलाने स्वातंत्र्य' असं लिहिलं आहेस, ते खोड. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. हिंदूंचं राज्य येईल ही भीती बऱ्याच जणांना होती, आणि ती निव्वळ कांगावा म्हणून झटकता येत नाही. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत दंगल होऊन ब्रिटिश फौज बोलवावी लागली. तेव्हापासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांतच फिरलं; अपवाद पॉल बेरांजे, २००३ ते २००५. कापड कारखाने, पर्यटन, बँका यांनी देश गरिबीतून वर काढला, हे मोकळ्या मनाने मान्य कर; पण १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलिस कोठडीत मेला आणि बेट पेटलं, तेही त्याच प्रकरणात येऊ दे.

आणि चागोस. तुझ्या आराखड्यात हा शब्दच नाही. १९६५ मध्ये लंडनमध्ये स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना ब्रिटनने हा द्वीपसमूह ३० लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडला. मॉरिशसचे तेव्हाचे नेते शिवसागर रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवायचं, अशा अर्थाचं टिपण पंतप्रधान विल्सन यांच्यासाठी तयार केलेलं सापडलं आहे. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. १९६८ ते १९७३ दरम्यान तिथल्या साऱ्या लोकांना हलवलं, त्यांचे कुत्रे मारून टाकले, आणि माणसांना मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवलं. ही माणसं कोण? बहुतांशी नारळाच्या बागांत राबायला आणलेल्या गुलामांचे वंशज. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटं परत करण्याच्या करारावर सही केली. पण त्या वाटाघाटींच्या टेबलावर आपल्याला खुर्ची नव्हती, ही चागोसवासीयांची तक्रार आहे.

हे प्रकरण सगळ्यांत आधी लिही. ते लिहून झालं की बाकीची कुठून सुरू करायची ते तुझं तुलाच कळेल. खर्डा हाताने लिहिलेला असला तरी पाठव, माझ्या डोळ्यांना मोठं अक्षर मात्र लागतं.

तुझा,
सर