चिकाचे डाग आणि आजीचे उत्तर

“त्याच्या मनासारखे केले नाही, तर तो रडून रडून जीव घाबरा करून घेतो. मग करायचे नाही तर काय करायचे?” मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (नकोसे भीतीचे विचार आणि ते शमवण्यासाठी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार), असलेल्या मुलांचे आईवडील जळगावात उपचारासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न बहुतेक पहिल्याच भेटीत येतो. त्याचे उत्तर मला चोपडा तालुक्यातील एका केळीबागायतदार कुटुंबाने नीट शिकवले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा आठ वर्षांचा. घड कापताना वडिलांच्या कपड्यांवर केळीचा चीक पडे, आणि त्याचे न निघणारे काळे डाग पाहून फवारणीचे औषध घरात आले, आता आजी मरणार, असे त्याला वाटू लागले. वर्षभरात घराचा क्रमच बदलला. वडील गोठ्याजवळ अंघोळ करून कपडे गोणीत भरून ठेवत, आई ताट वाढण्यापूर्वी त्याच्यादेखत तीनदा हात धूत असे, आणि आजीला “काही होईल का?” या प्रश्नावर बरोबर पाच वेळा “काही व्हाव नही” असे म्हणावे लागे. एखाद्या वेळी सूर बदलला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुलाच्या बोटांच्या पेरांवर सतत धुऊन भेगा पडल्या होत्या.

घरच्यांचा यात दोष नव्हता. लेकरू तळमळताना कोण स्वस्थ बसेल? परंतु दिलासा मिळाला, की भीती काही मिनिटांपुरती उतरते, आणि धोका खराच होता, आपण हात धुतले म्हणून टळला, अशीच मुलाची खात्री होते. त्यामुळे पुढच्या वेळी तोच दिलासा अधिक प्रमाणात लागतो. म्हणून या उपचारात आईवडील केवळ मुलाला घेऊन येणारे नसतात, त्यांनाही स्वतःच्या सवयी बदलाव्या लागतात. अमेरिकेत पाच ते आठ वर्षांच्या 127 मुलांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुटुंबाला सोबत घेऊन भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवलेल्या मुलांपैकी 72 टक्के मुलांत चौदा आठवड्यांत स्पष्ट सुधारणा दिसली. कुटुंबासह केवळ शिथिलीकरण, म्हणजे शरीर आणि मन सैल सोडणे, शिकवलेल्या गटात हे प्रमाण 41 टक्के होते.

माझी चूक येथे सांगितली पाहिजे. पहिल्या तीन भेटींना मी फक्त आईवडिलांना बोलावले. आईने उत्तरे देणे थांबवले, तसा मुलगा आजीकडे वळला, आणि तिची पाचाची मोजणी बारावर गेली. चौथ्या भेटीला आजी आली आणि मला म्हणाली, की नातवाला दोन शब्द बोलायचे नाहीत, तर मी घरात कशाला आहे? तिचे म्हणणे ऐकून घेण्यात तो सबंध तास गेला, आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटतो.

त्यानंतर मुलाने आजाराला ‘चिकट्या’ असे नाव दिले आणि शून्य ते दहा अशा भीतीच्या मापावर आम्ही पायऱ्या आखल्या. दोरीवरच्या सदऱ्यापासून दोन हात अंतरावर बसणे ही तिसऱ्या अंकाची पायरी. डागाला बोट लावून लगेच हात न धुणे सातव्या अंकाची. फवारणीच्या दिवशी अंघोळ करूनच घरात यायचे, हा नियम मात्र कायम ठेवला, कारण तो आजाराचा नव्हे, शेतीतल्या शहाणपणाचा आहे. कोणती मदत केव्हा थांबणार, हे मुलाला शांत वेळी आधीच सांगितले. रडण्याच्या भरात अचानक नकार देणे ही शिक्षाच ठरते. रागावायचे नाही, समजावतही बसायचे नाही. “तुला भीती वाटते आहे हे मला दिसते, आणि तू ती सोसू शकतोस,” एवढेच म्हणून जवळ बसायचे. पहिले दोन आठवडे रडणे वाढते, हे मी त्यांना आधीच बजावले होते, तरी वडिलांनी एकदा रात्री फोन करून सगळे सोडून द्यायचे म्हटले. आजार तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञाच्या औषधांचीही गरज पडते; या मुलाला ती पडली नाही.

बाराव्या आठवड्यात आईने मला एक प्रसंग सांगितला. आजी चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती, आणि डागाला नुकतेच बोट लावून आलेल्या मुलाने विचारले, “काही होईल का?” आजीचे हात परातीत थांबले. तिने ओठ घट्ट मिटले, उत्तर दिले नाही, आणि डोळे पुसत भाकरी तव्यावर टाकली. मुलगा थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “चिकट्याला विचारू दे, मला भूक लागली.”