दवाखान्याची किल्ली आत्ताच देऊ नका

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचे यजमान दंतवैद्य होते, साडेतीन महिन्यांपूर्वी अचानक गेले. १९९४ पासून भाड्याने असलेल्या गाळ्यातला दवाखाना तेव्हापासून बंद आहे. यजमानांकडे संध्याकाळी येणारे तरुण डॉक्टर दवाखाना विकत घ्यायला तयार आहेत, ‘सगळं मिळून ९ लाख’ म्हणतात. एक स्नेही म्हणतात, ‘वर्षाचं कलेक्शन २४ लाख, त्याखाली देऊ नका.’ घरमालक किल्ली मागतायत. ताई स्वतः डॉक्टर नाहीत, पण रोज संध्याकाळी काउंटरवर बसून पावत्या करायच्या. घरात सासूबाई आहेत, एकुलता मुलगा जर्मनीत.

ताई, किमतीचं नंतर बघू. आधी किल्ली. ती घरमालकांना देऊ नका आणि ‘ताबा दिला’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे व्यवसायाच्या जागेचा भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर तिथे व्यवसायात असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. असं कोणी नसेल तर वारसाकडे. तुमच्या हातच्या पावत्या इथे फार मोलाच्या आहेत, सगळी पावतीपुस्तकं घरी आणून ठेवा.

पण याच कायद्यात एक धोका आहे. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापराविना राहिली, तर तेवढ्यावर घरमालक ताब्याचा दावा लावू शकतो. यजमानांचं जाणं हे कारण आपण मांडूच, पण त्या भरवशावर बसू नका. या पंधरवड्यात आठवड्याचे दोन दिवस तरी दवाखाना उघडा. नोंदणीकृत दंतवैद्य मानधनावर बोलवा, आणि ते तुमच्याकडे येतात, जागा त्यांना दिलेली नाही, हे लेखी घ्या. नाहीतर पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप यायचा.

गाळा विकता येत नाही. भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करायला घरमालकांची लेखी संमती लागेल. मात्र त्यासाठी, किंवा हक्क सोडण्यासाठी, मोबदला घेणं या कायद्यात गुन्हा नाही. मालकांना जागाच हवी असेल तर तेही तुमचे एक गिऱ्हाईक आहेत, हे विसरू नका.

आता किंमत. २४ लाख हा आकडा मनातून काढा. तुमच्या पत्राप्रमाणे ११ लाख खर्च वजा जाता १३ उरत. त्यातले निदान ९ तरी यजमानांच्या स्वतःच्या हातांचे. त्या खुर्चीपाशी दुसरा डॉक्टर उभा केला तर त्याला तेवढे द्यावेच लागतील. उरले ४. गुडविल, म्हणजे दवाखान्याच्या जमलेल्या नावाची किंमत, या चारांवर धरायचं, वर्ष-दीड वर्षाचं, आणि दवाखाना बंद होता म्हणून त्यातही घट. दोन खुर्च्या, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे यांचा भाव जुनी यंत्रं घेणाऱ्या दोघांकडून लेखी मागवा. खुर्चीवर बँकेचं कर्ज असेल तर आधी ना-हरकत पत्र. ही बेरीज नऊच्या वर जाईल असं मला वाटतं, पण चोवीसच्या जवळपासही नाही.

त्या तरुण डॉक्टरांवर रागावू नका. शेजारी दवाखाना थाटण्यापासून त्यांना रोखता येणार नाही. करार कायद्याचं कलम २७ त्यांच्या बाजूने आहे. म्हणजे आठवडा उलटेल तसं गुडविल झिरपत जाणार. त्यांच्याशीच लवकर ठरलं तर उत्तम. रक्कम हप्त्यांनी घ्या, पण ‘प्रत्येक पेशंटमागे इतके टक्के’ असं लिहू नका. पेशंटमागे कमिशन दंतवैद्यांच्या आचारसंहितेत बसत नाही.

विक्रीच्या करारावर तुमच्या बाजूने सह्या तीन लागतील. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा आणि आई सारख्या हिश्शाचे वारस, त्यामुळे सासूबाईंना आजच विश्वासात घ्या. मुलाने तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये मुखत्यारपत्र करावं. ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला रात्री परत आठवली: ‘१४ मुलांच्या दातांना तारा लावलेल्या आहेत, पैसे आगाऊ घेतलेत.’ हे यजमानांचं देणं आहे, आणि मिळालेल्या मालमत्तेपुरतं ते वारसांवर येतं. प्रत्येकाचं कार्ड काढा. किती भरले, किती काम झालं, किती उरलं, लिहून काढा. घेणारा डॉक्टर त्या तारा जादा पैसे न घेता पूर्ण करेल आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा होईल, हे करारात नावानिशी घाला. त्या मुलांच्या तारा आता सैल पडल्या असतील, म्हणून घरच्यांना फोन आजपासूनच करा.

पेशंटचे कागद विकाऊ नाहीत. नव्या डॉक्टरांकडे ते सांभाळायला जातील. तसं प्रत्येकाला कळवा, ज्याला नको असेल त्याचे देऊ नका. एक्स-रेची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी यजमानांच्या नावे आहे, ती बदलेपर्यंत मशीन बंदच ठेवा. गुडविल यजमानांनी स्वतः उभं केलेलं, त्यामुळे कराच्या हिशेबात त्याची मूळ किंमत शून्य धरतात. सीएंना करार सही होण्याआधी दाखवा.

या महिन्याचं भाडं गेलं नसेल तर उद्याच स्वतःच्या खात्यातून पाठवा. मालकांनी परत केलं तर मनीऑर्डरने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.