एकाच क्लबच्या शहरात दुसरा रग्बी लीग संघ तग धरतो का? ब्रिस्बेनचा अनुभव काय सांगतो?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑकलंडमध्ये वॉरियर्स हा एकच व्यावसायिक रग्बी लीग संघ आहे, दुसरा आणला तर प्रेक्षक वाटले जाऊन दोघेही बुडतील असं लोक म्हणतात, मग ब्रिस्बेनमध्ये दोन संघ झाल्यावर काय झालं?

ब्रिस्बेनमध्ये हा प्रयोग एकदा नाही, दोनदा झाला. पहिला सपशेल आपटला, दुसरा चाललाय. मी शहराच्या उत्तर भागात राहतो, त्यामुळे दुसरा डोळ्यांसमोर घडला. पहिल्याच्या वेळी मी इथे नव्हतो. त्याबद्दल वाचलंय आणि जुन्या लोकांकडून ऐकलंय.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की रग्बी लीग म्हणजे तेरा खेळाडूंची रग्बी. ऑल ब्लॅक्स खेळतात ती पंधरा जणांची, वेगळी. लीगमध्ये सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याच्या हातात. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हा खेळ अर्ध्या तासात कळतो, क्रिकेटवाल्याला वेळ लागतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची मोठी स्पर्धा म्हणजे एनआरएल.

आता मुद्द्यावर येतो. 'एका क्लबचं शहर' असं आपण म्हणतो तेव्हा ते शहर पहिल्यापासून तसंच होतं असं गृहीत धरतो. ब्रिस्बेन तसं नव्हतं. १९८८ पर्यंत इथे शहराची स्वतःची भरभक्कम स्पर्धा होती. व्हॅलीज, ब्रदर्स, नॉर्थ्स, साउथ्स, ईस्ट्स, वेस्ट्स, विनम-मॅनली, रेडक्लिफ असे संघ होते. प्रत्येकाची वस्ती ठरलेली, मैदान ठरलेलं, आणि एकमेकांशी खुन्नसही ठरलेली. १९८८ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत ब्रिस्बेन ब्रॉन्कोज हा नवा संघ उतरला. प्रशिक्षक वेन बेनेट, कर्णधार वॉली लुइस. पहिल्याच सामन्यात त्यांनी गतविजेत्या मॅनलीला ४४-१० असं धुतलं. शहर वेडं झालं. बघता बघता जुन्या क्लबांच्या मैदानांवर शुकशुकाट झाला. व्हॅलीजने शहराची सर्वाधिक विजेतेपदं मिळवली होती; तोही वरच्या पातळीवरून नाहीसा झाला. म्हणजे ब्रिस्बेनला एका क्लबचं शहर केलं गेलं, आणि त्या धडाक्यात बाकीचे क्लब मागे पडले. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

पहिला प्रयोग १९९५ चा. स्पर्धा एकदम वीस संघांची केली. त्याच वर्षी तुमचे वॉरियर्स आले, टाउन्सव्हिलचे काउबॉइज आले, पर्थचा एक संघ आला, आणि ब्रिस्बेनमध्ये दुसरा म्हणून साउथ क्वीन्सलँड क्रशर्स. नाव उसाच्या गाळपावरून घेतलेलं. (ऊस, गाळप, हंगाम हे शब्द ऐकून आपल्याकडचा कुणीही खूश होईल, पण ब्रिस्बेन शहरात ऊस कुठे?) ब्रॉन्कोज तेव्हा लँग पार्क सोडून शहराच्या दक्षिणेकडच्या मोठ्या स्टेडियमवर खेळायला गेले होते, त्यामुळे क्रशर्सना लँग पार्क मिळालं. या मैदानाला इथे देवळासारखा मान आहे. क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही 'स्टेट ऑफ ओरिजिन'ची लढत १९८० मध्ये तिथेच सुरू झाली. ट्रेव्हर गिलमाइस्टरसारखा, त्याच वर्षी क्वीन्सलँडचं कर्णधारपद भूषवलेला खेळाडू क्रशर्सकडे होता. सुरुवातीला लोकही आले.

मग सुपर लीगचं भांडण पेटलं. रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने प्रतिस्पर्धी स्पर्धा उभी केली, ब्रॉन्कोज त्यात सगळ्यांत पुढे, आणि क्रशर्स जुन्या संघटनेच्या बाजूला. खेळाडूंचे पगार आकाशाला भिडले, प्रेक्षक वैतागून घरी बसले. क्रशर्स १९९६ मध्ये तळाला, १९९७ मध्येही आपल्या स्पर्धेत तळाला, आणि त्या हंगामाअखेर क्लब कर्जाखाली मिटला. तीन हंगामांत खेळ खलास.

भांडण नसतं तर क्रशर्स टिकले असते असं म्हणणारे इथे भेटतात. मला ते पटत नाही. भांडणाने मरण लवकर आलं एवढंच. त्या क्लबचा चाहता नेमका कोण, हेच ठरलेलं नव्हतं. ज्याला ब्रॉन्कोज आवडतात त्याने क्रशर्सकडे का यावं? ज्याला आवडत नाहीत त्याच्यासाठी क्रशर्स हा आणखी एक कागदावर बनवलेला संघ. वस्ती नाही, आजोबांच्या आठवणी नाहीत, कपाटात जपलेली जुनी जर्सी नाही. आणि संघ हरायला लागला की अशा क्लबकडे लोकांना धरून ठेवायला दुसरं काहीच उरत नाही. दक्षिणेला गोल्ड कोस्टवर तेच झालं. १९८८ मध्ये ब्रॉन्कोजबरोबरच आलेला तिथला संघ नावं बदलत बदलत १९९८ मध्ये बंद पडला. आजचे टायटन्स २००७ मध्ये पुन्हा शून्यातून उभे केलेले आहेत.

त्यानंतर पंचवीस वर्षं ब्रिस्बेन ब्रॉन्कोजचं एकट्याचं. शुक्रवारी रात्री टीव्ही लावला की बहुतेक वेळा तेच. पैसा भरपूर, खेळाडू दारात रांगेत. एकाधिकारात जे होतं ते झालं: २०२० मध्ये ब्रॉन्कोज इतिहासात पहिल्यांदा गुणतक्त्याच्या अगदी तळाला गेले. बेनेटना त्यांनी २०१८ च्या शेवटी काढून टाकलं होतं. ब्रॉन्कोजची तोपर्यंतची सहाही विजेतेपदं ज्या माणसाच्या हाताखाली आली, त्यालाच.

दुसरा प्रयोग इथे सुरू होतो. १७व्या संघासाठी तीन प्रस्ताव होते आणि तिन्ही ब्रिस्बेन परिसरातले: ईस्ट्स क्लबचा पाठिंबा असलेले फायरहॉक्स, इप्सविचकडचे जेट्स, आणि रेडक्लिफचे डॉल्फिन्स. ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉल्फिन्सची निवड झाली आणि २०२३ पासून ते खेळायला लागले.

रेडक्लिफबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर, पूल ओलांडून गेलं की समुद्रात घुसलेलं हे द्वीपकल्प. क्वीन्सलँडमधली पहिली इंग्रज वसाहत १८२४ मध्ये इथेच पडली आणि वर्षभरात आजच्या ब्रिस्बेनच्या जागी हलली. रेडक्लिफकर ही गोष्ट अजून सांगतात, जणू ब्रिस्बेनने काल काहीतरी पळवून नेलंय. २००८ पर्यंत रेडक्लिफची महापालिकाही वेगळी होती. डॉल्फिन्स क्लब १९४७ चा. १९६५ मध्ये आर्थर बीटसन नावाचा तरुण त्यांच्या विजेत्या संघात होता. हाच माणूस पुढे १९८० च्या पहिल्या ओरिजिन सामन्यात क्वीन्सलँडचा कर्णधार झाला.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, जन्म रेडक्लिफचा. ओरिजिनच्या रात्री त्यांच्या व्हरांड्यात क्वीन्सलँडचा झेंडा असतोच, पण ब्रॉन्कोजची एकही वस्तू घरात नाही. टोपी नाही, चहाचा मग नाही. आपला क्लब ज्यांच्यामुळे दुय्यम झाला त्यांना टाळ्या कशाला, हा त्यांचा हिशोब. अशी माणसं प्रेक्षकसंख्येच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत, कारण ती मैदानावर जातच नव्हती. २०२३ मध्ये आजोबांनी हंगामाचं सदस्यत्व काढलं आणि आता डॉल्फिन्सची लाल टोपी घालून ते रेडक्लिफजवळच्या किप्पा-रिंगच्या रेल्वेगाडीत दिसतात. सामन्याच्या तिकिटातच रेल्वे-बसचा प्रवास येतो, त्यामुळे त्या संध्याकाळी अख्खा डबा लाल झालेला असतो, आणि कुणीतरी डोक्यावर हाताचा पंजा उभा धरून डॉल्फिनचा पर करून दाखवतो. म्हणजे हे प्रेक्षक ब्रॉन्कोजचे तोडून आणलेले नाहीत. ते पस्तीस वर्षं घरी बसले होते.

पण मुळं होती म्हणून जमलं एवढंच सांगितलं तर अर्धवट होईल. मुळं व्हॅलीजचीही होती. रेडक्लिफकडे पैसा होता. त्यांचा लीग्ज क्लब आहे, खाणंपिणं आणि पोकी मशीन (जुगाराची यंत्रं) असलेला, आणि क्लबच्याच मालकीचं शॉपिंग सेंटरही आहे. पोकीचा पैसा म्हणजे बऱ्याचदा ज्यांना परवडत नाही अशांचा पैसा, हे मला खटकतं आणि खटकत राहील. पण तीन प्रस्तावांत डॉल्फिन्सचं पारडं जड ठरलं ते याच भांडवलामुळे. दोन-चार हंगाम हरलो तरी दिवा विझणार नाही, एवढी शाश्वती क्रशर्सना कधीच नव्हती.

आणखी एक हुशारी म्हणजे नाव. त्यांनी नावात ना ब्रिस्बेन घातलं, ना रेडक्लिफ. नुसतं 'द डॉल्फिन्स'. सुरुवातीला यावर लोक खूप हसले. पण ब्रिस्बेन म्हटलं असतं तर ब्रॉन्कोजची नक्कल वाटली असती, रेडक्लिफ म्हटलं असतं तर सनशाइन कोस्टपर्यंतचा उत्तरेचा पट्टा म्हणाला असता, आमचा काय संबंध.

प्रशिक्षक म्हणून आणले कुणाला, तर बेनेटना! वय ७३. खेळाडूंच्या बाबतीत मात्र हात आखडले. कॅमरन मन्स्टर, केलिन पोंगा हे मोठे खेळाडू, पण दोघेही आले नाहीत. मेलबर्नमधून ब्रॉमविच बंधू आणि फेलिसे काउफूसी असे पुढच्या फळीतले अनुभवी गडी घेतले आणि बाकी जे मिळाले ते. हे तळालाच जाणार, असा बहुतेक जाणकारांचा कौल होता. ५ मार्च २०२३ ला पहिल्या सामन्यात त्यांनी सिडनी रूस्टर्सना २८-१८ असं हरवलं, आणि पुढचे दोन सामनेही जिंकले. चौथा सामना ब्रॉन्कोजशी. लँग पार्क, ५१ हजारांवर लोक, ब्रॉन्कोजने १८-१२ असा जिंकला. हंगामाअखेर डॉल्फिन्स १३वे आले, पण ब्रॉन्कोजला कधीकाळी नकोसा झालेला जमेन इसाको त्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) आणि सर्वाधिक गुण करून बसला.

आणि ब्रॉन्कोजचं काय झालं? बुडाले? त्याच २०२३ मध्ये ते अंतिम सामन्यात पोहोचले, पेनरिथविरुद्ध २४-८ ने पुढे असताना २६-२४ ने हरले. २०२५ मध्ये मेलबर्नला २६-२२ ने हरवून एकोणीस वर्षांनी विजेते झाले. त्यांचे प्रेक्षक घटले नाहीत, वाढले. याचं सगळं श्रेय डॉल्फिन्सला देणं भाबडेपणा होईल; रीस वॉल्शसारखा खेळाडू असेल तर गर्दी होणारच. पण शेजारी कुणी उभा राहिल्याने नुकसान होतं हे म्हणणं तरी इथे खोटं ठरलं. कार्यालयात सोमवारी बोलायला विषय मिळाला, तो वेगळाच फायदा. खरं नुकसान होतं ते खेळाडूंच्या वाटणीत: प्रत्येक संघाला तीसेक व्यावसायिक खेळाडू लागतात, ते कुणाकडून तरी येणार. पर्थ २०२७ मध्ये आणि पापुआ न्यू गिनी २०२८ मध्ये स्पर्धेत येतंय, तेव्हा ही ओढाताण आणखी वाढेल.

बाहेरची उदाहरणं थोडक्यात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ॲडिलेडला क्रोज १९९१ मध्ये आले, मग १९९७ मध्ये दुसरा संघ म्हणून पोर्ट ॲडिलेड. पोर्ट हा १८७० चा जुना क्लब, आणि सात वर्षांत विजेता झाला. इंग्लंडमधल्या हल शहरात तर रग्बी लीगचेच दोन क्लब, नदीच्या पश्चिमेला हल एफसी आणि पूर्वेला हल केआर, शंभर वर्षांहून जास्त काळ. १९८० मध्ये दोघेही वेम्बलीवर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात आले, तेव्हा शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली होती म्हणतात: शेवटी जाणाऱ्याने दिवे मालवावेत.

आता ऑकलंड. तुमच्याकडे १९०९ पासून ऑकलंड रग्बी लीग आहे, फॉक्स मेमोरियल ही तिथल्या क्लबांची मुख्य स्पर्धा आहे, पॉन्सनबी, पॉइंट शेव्हलियर, माउंट अल्बर्ट, ओटाहुहू, मांगेरे ईस्ट आहेत. म्हणजे जुनी मुळं ब्रिस्बेनइतकीच आहेत. दोन फरक मात्र मोठे आहेत. वॉरियर्स २००१ पासून ऑकलंडचे नाहीत, अख्ख्या न्यूझीलंडचे आहेत, आणि त्यांच्या माउंट स्मार्ट मैदानावर येणारा माणूस देशासाठी येतो. त्यांच्याशी रुसून घरी बसलेला, आमच्या आजोबांसारखा मोठा वर्ग ऑकलंडमध्ये आहे का? मला तरी तो दिसत नाही. रुसलेले असतील तर ते दक्षिण बेटावर, आणि क्राइस्टचर्चला छत असलेलं नवं स्टेडियमही झालंय. दुसरा फरक पैशाचा. तुमच्या एकाही उपनगरी क्लबकडे रेडक्लिफसारखं शॉपिंग सेंटर नाही, त्यामुळे पैसा बाहेरच्या गुंतवणूकदाराचा असेल, आणि तो दोन वाईट हंगामांनंतर किती थांबेल हे आधी विचारायला हवं.

म्हणून माझं मत विचाराल तर न्यूझीलंडला दुसरा संघ जरूर द्या, पण आधी क्राइस्टचर्चला. ऑकलंडलाच हवा असेल तर नवं नाव आणि नवं बोधचिन्ह काढत बसू नका. दक्षिण ऑकलंडमधल्या एखाद्या चालू क्लबला वर आणा, त्याचं मैदान राखा, आणि वॉरियर्सशी वर्षातले दोन सामने काहीही झालं तरी ऑकलंडमध्येच ठेवा.