राजाला पार्लमेंट पुरून उरले ते कशाच्या जोरावर?

प्रश्न : इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला पार्लमेंटने १६४९ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली, असे आम्ही शाळेत शिकलो. परंतु पार्लमेंट बोलावणे आणि बरखास्त करणे राजाच्याच हाती होते, न्यायाधीशही तोच नेमत असे. मग पार्लमेंट त्याला पुरून उरले कसे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण मांडलेले अधिकार राजाकडे खरोखरच होते. त्याच्यापाशी नव्हता तो पैसा, आणि झगड्याचे मूळ तिथेच आहे. नवा कर बसवायचा तर पार्लमेंटची संमती घ्यावी लागे. १६२५ मध्ये चार्ल्स गादीवर आला तेव्हा, आधीच्या राजांना जी जकात हयातभरासाठी मंजूर होत आली होती, ती पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सने, त्याला एका वर्षापुरतीच देऊ केली. त्याने जकात तर घेतलीच, वर सक्तीची कर्जे उभारली आणि नकार देणाऱ्या काहींना तुरुंगात डांबले. २ मार्च १६२९ रोजी सभा तहकूब करण्याचा त्याचा हुकूम आला, तेव्हा दोन सभासदांनी सभापतींना खुर्चीत दाबून धरले आणि निषेधाचे ठराव मंजूर करून घेतले. त्यानंतर अकरा वर्षे चार्ल्सने पार्लमेंट बोलावलेच नाही.

या काळातला त्याचा मोठा आधार म्हणजे जहाजपट्टी. युद्धाच्या प्रसंगी किनाऱ्यावरच्या गावांकडून घ्यायची ही जुनी पट्टी त्याने १६३५ पासून, शांततेच्या काळात, समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादली. बकिंगहॅमशायरचे जमीनदार जॉन हॅम्पडेन यांनी वीस शिलिंग भरायचे नाकारले. रक्कम त्यांना जड नव्हती, प्रश्न तत्त्वाचा होता. निकाल सात विरुद्ध पाच असा राजाच्या बाजूने लागला. पण बारापैकी पाच न्यायाधीश विरोधात गेल्याचे देशभर झाले आणि पुढे वसुली ढासळत गेली.

युद्धाचा खर्च अशा पट्टीतून भागणे शक्यच नव्हते. चार्ल्सने स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापद्धती लादल्यामुळे तिथे उठाव झाला. १६४० मध्ये स्कॉट सैन्याने उत्तर इंग्लंडमधले न्यूकॅसल शहर घेतले आणि तह होईपर्यंत दररोज ८५० पौंड मागितले. नाक दाबले की तोंड उघडते. त्या नोव्हेंबरात पार्लमेंट भरले.

माझ्या मते निर्णायक दिवस रणांगणावरचा नाही, तो १० मे १६४१ चा आहे. सैन्याचा खर्च भागवण्यासाठी कर्ज हवे होते, पण पार्लमेंटच बरखास्त झाले तर कर्ज फेडणार कोण, ही सावकारांची रास्त शंका होती. म्हणून पार्लमेंटच्या स्वतःच्या संमतीवाचून ते विसर्जित करता येणार नाही, असा कायदा झाला, आणि आपला विश्वासू मंत्री स्ट्रॅफर्ड याच्या देहान्ताच्या विधेयकाबरोबर चार्ल्सने त्याच दिवशी त्यालाही संमती दिली. आपण ज्या अधिकाराचा उल्लेख केला, तो अशा रीतीने राजाने स्वतःच सोडून दिला. जानेवारी १६४२ मध्ये पाच सभासदांना पकडण्यासाठी तो सशस्त्र माणसे घेऊन सभागृहात गेला, तेव्हा ते आधीच निसटले होते. ते कुठे आहेत असे विचारल्यावर सभापती लेंथॉल यांनी गुडघे टेकले, पण या जागी सभागृह सांगेल तेच पाहण्यास मला डोळे आणि बोलण्यास जीभ आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. त्याच वर्षी युद्ध पेटले. लंडन, आरमार आणि कर बसवण्याची यंत्रणा पार्लमेंटकडे राहिली, आणि दीर्घ युद्धात तिचाच जोर पुरला.

आपल्या प्रश्नात एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. डिसेंबर १६४८ मध्ये कॉमन्सने १२९ विरुद्ध ८३ मतांनी राजाशी वाटाघाटी पुढे चालवण्याचा कौल दिला होता. दुसऱ्याच दिवशी पार्लमेंटच्याच सैन्यातला कर्नल प्राइड सैनिकांसह दारात उभा राहिला आणि नको असलेल्या सभासदांना त्याने आत जाऊ दिले नाही. राजावर खटला भरला तो उरलेल्या सभासदांनी, सैन्याच्या पाठबळावर.