आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरचे टीव्ही माहितीपट कितपत विश्वासार्ह असतात?

तारखा, नावं सहसा बरोबर असतात. जपून घ्यायच्या त्या साक्षी.

किलमायकलचा हल्ला घ्या, 28 नोव्हेंबर 1920. आयरिश बंडखोरांचा नेता टॉम बॅरी याच्या तुकडीने ब्रिटिशांच्या ऑक्झिलरी (साहाय्यक) पोलिसांच्या दोन लॉऱ्या गाठल्या. पोलिसांनी शरणागतीचं नाटक करून पुन्हा गोळीबार केला, म्हणून कुणालाच सोडलं नाही, असं बॅरी सांगत असे. हे खरं की नाही यावर इतिहासकार आजही भांडतात. माहितीपटात मात्र निवेदक एकच बाजू भारदस्त आवाजात सांगून मोकळा होतो.

दुसरं म्हणजे काळ. लढवय्यांच्या 1,700हून अधिक जबान्या आयरिश सरकारने 1947 पासून नोंदवल्या, पण लोकांसाठी खुल्या केल्या 2003 मध्ये. त्याआधीच्या कार्यक्रमांना हा खजिना मिळालाच नव्हता. अर्थात 25-40 वर्षांनी आठवून सांगितलेलं, त्यामुळे तेही जरा चाळूनच घ्यावं.

आणि 1916 च्या ईस्टर उठावात (डब्लिनमधलं ब्रिटिशांविरुद्धचं बंड) मेलेल्यांत निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते. कॅमेरा बहुधा फाशी-गोळी झालेल्या 16 जणांवरच रेंगाळतो.